सहा इंचांचा उतार

भाऊंचं तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकूकाका पलंगाकडे बघत म्हणाले, "माणूस गेलो, आता उतार कित्याक व्हयो?"

उतार म्हणजे पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखालच्या विटा. नऊ वर्षं त्या तिथे होत्या, आणि भावाच्या पश्चात त्यांचं काय करायचं हे धाकट्या भावाने ठरवणं काकांना योग्य वाटत होतं.

विटा मुळात गंधालीने ठेवायला लावल्या होत्या. भाऊंच्या छातीत जळजळ व्हायची, आंबट पाणी घशाशी यायचं. मुलुंडहून बोरिवलीला येऊन तिने वडिलांना समजावलं होतं की अन्ननलिका पोटाला मिळते तिथे एक झडप असते, ती ढिली पडली की आम्ल वर चढतं. भाऊ पालिकेच्या पाणीखात्यातले चावीवाले. रस्त्यातली झाकणं उघडून त्यांनी तीस वर्षं लोकांचं पाणी सोडलं आणि बंद केलं होतं. त्यांना एका वाक्यात कळलं.

"म्हणजे माझी चावी गळते," ते म्हणाले. "मग उशा लावून काय होणार नाही. पाइप मधेच वाकतो. अख्खी लाइन उचलायला पाहिजे."

त्यांनी गवंडी पातळी बघतात तशी पाण्याची नळी लावून बरोबर सहा इंच उतार काढला आणि दीक्षा घेतल्यासारखे वागू लागले. जेवण साडेसातला. साडेदहाच्या आधी पाठ टेकायची नाही. झोप डाव्या कुशीवर. सोसायटीत कुणी ढेकर दिला की भाऊ त्याची चावी तपासायला हजर. ते गेले न्यूमोनियाने. पोटाने मात्र त्यांना शेवटपर्यंत त्रास दिला नाही. हे गंधाली भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, कुणी विचारलं नव्हतं तरी.

"काढा," वनमाला म्हणाली. "नऊ वर्षं मी घसरतेय. सकाळी पाय पलंगाच्या बाहेर असतात."

"राहू दे ना गं, आई."

"तू मुलुंडला सपाट झोपतेस. तुला काय जातंय?"

काकांनी विटा काढून गॅलरीत नेल्या. गंधाली स्वयंपाकघरात जाऊन पुसलेला ओटा पुन्हा पुसत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई खुर्चीत बसूनच झोपलेली सापडली. हात छातीवर.

"दुखतंय?"

"दुखत नाही. जळतंय. ह्यांच्यासारखं." मग वनमालाने मोठ्या मनाने भर घातली, "त्यांच्याएवढं नाही."

गंधालीने घाम, जबडा, डावा हात, सगळं विचारून घेतलं. जळजळ पोटाची की हृदयाची हे वाचून ठरवता येत नाही, एवढं तिने वाचलं होतं. आणि महिन्याच्या आत दुसऱ्यांदा खांदेकऱ्यांना चहा करायची तिची तयारी नव्हती. तिने रिक्षा बोलावली.

दवाखान्यात आधी ईसीजी काढला. तो ठीक निघाला. गंधालीने भाऊंचं आणि विटांचं सगळं सांगितलं, मग डॉक्टरबाईंनी पेन उघडलं.

"जळजळ कधीपासून आहे?"

"ह्यांना नऊ वर्षं होती."

"आजी, तुम्हाला विचारतेय."

"मला आठ."

गंधाली वळून बघायला लागली. "बोलली का नाहीस?"

"घरात एक होता ना. दोघांनी मिळून काय मंडळ काढायचं होतं? आणि मला काही रोज व्हायचं नाही."

"कारण तुम्हीही त्याच उतारावर झोपत होतात," डॉक्टर म्हणाल्या. "विटा काढायला कुणी सांगितलं?"

"मीच. मला काय माहीत त्या माझ्यापण होत्या."

"रात्री जेवता किती वाजता?"

"साडेसात."

"ते भाऊ," गंधाली म्हणाली. "तू?"

वनमाला कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघू लागली. "ते झोपले की."

"म्हणजे साडेदहा?"

"अकरा. त्यांचं ते फिकं जेवण मला घशाखाली जात नाही. माझं मी वेगळं काढून ठेवायचे. तिरफळ घातलेला बांगडा, भात. खाल्लं की आडवी."

"आणि भाऊंना वास नाही यायचा?"

"डाव्या कुशीवर असायचे. तोंड भिंतीकडे."

डॉक्टरबाईंनी हसू लपवायला मान कागदात घातली. गंधालीला हसू आलं नाही. फ्रिजवर चिकटवलेलं वेळापत्रक तिच्याच हातचं होतं. झडपेबद्दल जे मिळेल ते तिने वाचलं, पण आई कधी जेवते हे नऊ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची गोळी लिहून दिली. विटा परत ठेवा म्हणाल्या. घास अडकायला लागला, वजन उतरलं किंवा शौचाला काळी झाली तर थांबायचं नाही, लगेच यायचं.

"बांगडा बंद?" वनमालाने विचारलं. ईसीजीच्या वायरी लावताना न घाबरलेली बाई आता घाबरली होती.

"खाऊन बघा. बाधला तर बंद. मला तरी अकराला जेवून लगेच आडवं होणं जास्त नडतंय असं दिसतं. साडेसातला जेवा."

परतीच्या रिक्षात आईने डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी घातली.

"साडेसातला ते जेवायचे," मग ती म्हणाली. "अकराला मी. तेव्हा कुणी चावीवर भाषण देत नव्हतं, कुणी घड्याळ बघत नव्हतं. दिवसातला तेवढाच वेळ माझा होता गं."

"आता अख्खा दिवस आहे," गंधाली म्हणाली, आणि बोलून चुकल्यासारखी बाहेर बघू लागली.

"हो ना," आई म्हणाली. "एवढा कुठे मागितला होता."

संध्याकाळी वनमाला बाजारात जाऊन बांगडे घेऊन आली. फिकं वेगळं काढायचं नव्हतं, त्यामुळे एकच पातेलं चढलं. साडेसातला दोघी समोरासमोर बसल्या. वनमालाने पहिला घास तोंडात घातला आणि थांबली. डोळ्यांत पाणी आलं.

"जळतंय?" गंधालीने विचारलं.

"नाही गं. भाजलं." तिने पाण्याचा घोट घेतला. "अकरापर्यंत गार झालेला असायचा."

"मग जरा थांब."

"नको," वनमाला म्हणाली, आणि दुसऱ्या घासावर फुंकर घातली.