ओव्हनच्या मागचा जोड

"भाऊ, वास येऊन राह्यला का तुमाले?"

गिरजाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, अर्धवट बांधलेली जुडी होती. विनोद ओट्यापाशी गुडघे टेकून गॅसच्या पितळी कॉकवरचा साबणाचा फेस पुसत होता.

"कायचा वास, माय?"

"गॅसचा. दुसरा कायचा असन?"

विनोदने मान वर करून दोनदा जोराने श्वास ओढला. त्याला काहीच जाणवलं नाही. गेल्या चार वर्षांत त्याला कशाचाच वास आला नव्हता.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ताप आला आणि उतरला, खोकला गेला, अंगातली ताकदही हळूहळू परत आली. नाक तेवढं आलं नाही, आणि नाकासोबत जिभेची चवही. अकोल्याच्या डॉक्टरने वाट पाहायला सांगितलं. वर्षभर वाट पाहून विनोदने तिकडे जाणं सोडलं.

अकोल्याकडच्या मालेगावच्या गॅस एजन्सीत तो एकवीस वर्षं मेकॅनिक होता. घराच्या उंबऱ्यात पाय ठेवला की शेगडी गळते की रेग्युलेटर, हे सांगणारा माणूस अशी त्याची ओळख. नवी पोरं त्याच्याच हाताखाली शिकली. आजारातून उठल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने शेठना सांगायला हवं होतं. तेव्हा वाटलं, आज ना उद्या येईलच वास. मग महिने गेले, आणि नाक गेलंय यासोबत इतके दिवस लपवलंय हेही सांगावं लागणार, अशी गाठ बसली. ती दर महिन्याला घट्ट होत गेली. बायकोला, रूपाला तेवढं माहीत होतं.

"सांगून टाका ना एकडाव," ती म्हणायची.

"अन् मंग करू काय? पाना सोडून दुसरं काय येते मले?"

तो रोज सकाळी पिशवी घेऊन लोकांच्या स्वयंपाकघरांत जायचा. प्रत्येक जोडाला दोन-दोनदा साबणाचा फेस लावून पाहायचा. विनोद आता फारच जपून काम करतो, असं लोक कौतुकाने म्हणायचे. ते कौतुक ऐकलं की त्याला तिथून पळावंसं वाटायचं.

आज सकाळपासून तो किन्हीराजाच्या रस्त्यावरच्या या मळ्यातल्या घरी होता. गिरजाबाईंचा मुलगा फुलचंद याने नागपूरहून मोठी शेगडी आणली होती, वर चार बर्नर आणि खाली ओव्हन. त्याच्या बायकोसाठी, साधनासाठी. ती इतके दिवस कुकरमध्ये वाळू घालून नानकटाई भाजत होती आणि आता मालेगावच्या दुकानांना माल द्यायचा तिचा विचार होता. फुलचंद भाजी घेऊन रिसोडच्या बाजाराला गेला होता. जाण्याआधी त्याने शेगडी भिंतीला लावून ठेवली होती.

विनोदने घराबाहेर दोन सिलिंडरची जागा केली, भिंतीला भोक पाडलं, तांब्याचा पाइप आत घेतला, आत कॉक बसवला. सगळे जोड फेस लावून तपासले. एकही फुगा आला नाही. शेगडीच्या मागे, ओव्हनकडे जाणारा एक जोड कारखान्यातूनच आलेला होता. तिथे हात जात नव्हता. पूर्वी अशा ठिकाणी तो वाकून हुंगायचा. आजही वाकला होता, निव्वळ सवयीने. शेगडी पुढे ओढायला दुसरा गडी हवा होता. त्याने ते राहू दिलं.

"नवी मशीन हाय, माय," तो गिरजाबाईंना म्हणाला. "आतून ऑइल लावलेलं असते. दोन दिवस मारते वास."

हे वाक्य त्याने याआधीही काही घरांत म्हटलं होतं.

"मले तं गॅसचाच वाटते, बाप्पा," गिरजाबाई म्हणाल्या. मग जुडीला दोरा गुंडाळत वळल्या. "पण तुमी पाह्यलं म्हंता तं असन बराबर."

साधना परातीत कणकेसारखं काही मळत होती. "भाऊ, आता पयला घाणा लावतो मी. थांबा ना, चाखून जा."

"नाई बाई, अजून दोन घरं हायेत."

त्याने घाईने पिशवी भरली. मोटारसायकलला किक मारताना स्वयंपाकघराची खिडकी लागल्याचा आवाज आला. "वाऱ्यानं जाळ हालन," साधना सासूला सांगत होती.

फाट्यापर्यंत तो आला आणि त्याने गाडी बाजूला घेतली. गॅस खाली बसतो, हे त्याने किती घरांत किती बायकांना सांगितलं होतं. ओव्हन खालीच होता. खिडकी बंद होती. त्याने साधनाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

त्याने गाडी वळवली.

अंगणात गिरजाबाई जुड्यांवर पाणी शिंपडत होत्या. त्या काही विचारायच्या आत तो घराच्या बाजूला धावला, दोन्ही सिलिंडर बंद केले आणि दारातून ओरडला, "पेटवू नोका! साधनाबाई, हात नोका लावू कायले!"

साधना ओव्हनचं दार उघडून समोर बसली होती. लायटर हातात होता. ती तशीच थिजली.

"काय झालं?"

"बाहेर या. लायटर दाबू नोका. लाइटच्या बटनालेबी हात लावू नोका."

ती पदर नाकाला लावून बाहेर आली. विनोदने आत जाऊन खिडकी आणि मागचं दार सताड उघडलं. त्या खोलीच्या मधोमध उभा असूनही, तिथे किती गॅस साचलाय हे त्याला फक्त तिच्या नाकावरच्या पदरावरून कळत होतं.

बऱ्याच वेळाने त्याने आणि साधनाने मिळून शेगडी पुढे ओढली. त्याने सिलिंडर जरासा उघडला, मागच्या जोडाला फेस लावला. बोराएवढा फुगा आला, फुटला, त्याच्यामागे दुसरा आला.

विनोदने सिलिंडर पुन्हा बंद केला.

"माय," तो म्हणाला, "मघाशी तुमाले आला थो वास खरा होता. मले वास येत नाई. करोना झाला तवापासून."

साधनाने विचारलं, "मंग थे ऑइलचं काहून सांगितलं?"

विनोदने पिशवीतून नवं वायसर शोधून काढलं.

"मलेबी वास येत होता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पण तुमी म्हनलं ऑइलचा हाय. म्हनून म्या लायटर हाती घेतला."

तो खाली बसला. वायसर बदललं, जोड आवळला, फेस लावला. पुन्हा लावला. "आता नाई गळत," असं म्हणाला.

"मघाशीबी तुमी असंच म्हनलं होतं," गिरजाबाई म्हणाल्या.

"बराबर हाय, माय."

त्याने खिशातून फोन काढला आणि त्या दोघींसमोरच एजन्सीच्या रतनसिंग शेठना लावला. सगळं सांगितलं.

"कवापासून?" शेठनी विचारलं.

"चार वर्सं."

"रामधनले पाठवतो. तो पाहून घेईस्तोवर तिथून हालू नोको. अन् उद्यापासून कोनाच्या घरी जायचं नाई. गोडाऊनवर ये, मंग बोलू."

रामधन तासाभराने आला. त्याला पाना कसा धरायचा इथपासून विनोदनेच शिकवलं होतं. तो विनोदच्या नजरेला नजर न देता आत गेला. विनोद दारातच थांबला. रामधन प्रत्येक जोडाशी वाकत होता, नाक अगदी जवळ नेत होता, थांबत होता, पुढे सरकत होता. ओव्हनच्या मागे तो सगळ्यात जास्त वेळ वाकून राहिला.

"टाइट हाय सगळं, भाऊ," बाहेर येत तो म्हणाला. जोडणी तपासल्याच्या कार्डावर त्याने स्वतःची सही केली. थोडा घुटमळला, आणि निघून गेला.

विनोद ओसरीवर बसून पाने फडक्याने पुसत एकेक पिशवीत ठेवू लागला. त्याला निघायला हवं होतं, पण उठावंसं वाटत नव्हतं. घरी जाऊन रूपाला आजचं सगळं सांगायचं होतं आणि सुरुवात कुठून करावी हे सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळाने साधना बाहेर आली. बशीत दोन नानकटाया होत्या.

"घ्या."

"नको बाई."

"खा," आतून गिरजाबाईंचा आवाज आला.

त्याने एक उचलली. साधना उभीच होती.

"कशी झाली?"

गेली चार वर्षं कोणीही काहीही खायला दिलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, मस्त. तेच आताही ओठांवर आलं होतं.

"गरम हाये," तो म्हणाला. "अन् खुसखुसीत. तेवढंच समजते मले."

साधना बशी त्याच्याजवळ ओसरीवर ठेवून आत गेली. विनोदने दुसरी नानकटाई उचलली आणि सावकाश, चुरा सांडू न देता, संपवली.