चिनी मनोऱ्याजवळ राहिलेला डबा

शनिवार, दुपारचे सव्वातीन. म्युनिकच्या इंग्लिश गार्डनमध्ये, चिनी मनोऱ्यावर बसलेल्या बँडने एक चाल संपवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका लांब लाकडी बाकावरून चार माणसे उठली आणि घाईने निघून गेली. बाकाखाली एक कापडी पिशवी राहिली. त्या पिशवीत मी होतो.

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे, तीन पुडांचा. तिन्ही कप्पे एकावर एक बसतात, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्यांना आवळून धरतात आणि वर एक मूठ आहे. झाकणाला पोचा आहे. मी मूळचा नागपूरचा. सध्या म्युनिकमधल्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत, फुंडब्युरोत, एका कपाटाच्या मधल्या फळीवर राहतो. माझ्या डाव्या हाताला सायकलचे हेल्मेट आहे आणि उजव्या हाताला एक बासरी. झाले ते क्रमाने सांगतो. माझा बराचसा काळ पिशवीत जातो, त्यामुळे यात पाहिलेले थोडे आणि ऐकलेले जास्त आहे.

सपाट पत्र्याचा मी डबा झालो तो साच्याखाली दाबून. ते मला फारसे आठवत नाही. आठवते ते इतवारी बाजारातले भांड्यांचे दुकान आणि तिथे आलेली अरुणा. तिला शाळेत शिक्षिकेची नोकरी नुकतीच लागली होती. आपल्याकडे नवे भांडे घेतले की त्यावर नाव घालून घेतात. दुकानाच्या पायरीवर सुईचे यंत्र घेऊन बसलेल्या माणसाने विचारले, "कोणाच्या लग्नात द्यायचं आहे बाई?"

"लग्नात नाही. माझ्यासाठी आहे."

"मग मिस्टरांचं नाव सांगा."

"डबा मी नेणार आणि नाव त्यांचं? ते काय शाळेत येऊन जेवणार आहेत? टाका, अरुणा. नुसतं अरुणा."

बाजूला उभे असलेले यादवराव, म्हणजे तिचे यजमान, मोठ्याने हसले. यंत्रवाल्या माणसाने झाकणावर सुई टेकवली, तेव्हा ती म्हणाली, "तिथे नको. बुडाला टाका. झाकणं बदलतात." सुई फिरली. थोडे झोंबले. तेव्हापासून माझ्या खालच्या पुडाच्या बुडाला ही तीन अक्षरे आहेत.

पुढची पुष्कळ वर्षे मी शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत एकच प्रश्न असायचा, "अरुणाताईंच्या डब्यात आज काय?" सांभारवडी असली की माझ्याभोवती गर्दी व्हायची. सांभारवडी म्हणजे कोथिंबिरीचे सारण भरून तळलेली, चौकोनी घडीची वडी. नागपुरात कोथिंबिरीला सांभार म्हणतात. नंतर मी तिचा मुलगा उज्ज्वल याच्याबरोबर कॉलेजात गेलो. तो भराभर जेवायचा आणि मला तसाच खरकटा घरी आणायचा. धुवायची अरुणा.

मग प्लास्टिकचे हलके डबे आले. उज्ज्वल जर्मनीला गेला, स्टुटगार्टमध्ये गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर झाला. अरुणा निवृत्त झाली. मी माळ्यावर गेलो. माळ्यावर काय होते ते सांगण्यासारखे नाही. काहीच होत नाही.

दोन वर्षांपूर्वी अरुणा वारली. काही दिवसांनी यादवरावांनी शिडी लावून मला खाली काढले, चिंचेने घासले आणि बूड उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या या माणसाने तोवर चहाखेरीज काही केलेले नव्हते. ते सांभारवडी शिकायला बसले. वडी तेलात फुटायची, सारण बाहेर यायचे. ते फुटक्या वड्या माझ्यात भरून एकटे जेवायचे.

या वर्षी उन्हाळ्यात ते तीन महिन्यांसाठी स्टुटगार्टला मुलाकडे आले. मी त्यांच्या हातातल्या पिशवीत होतो. उज्ज्वल म्हणाला, "बाबा, हा कशाला आणला? इथे डब्यांची काही कमी आहे का?" यादवराव म्हणाले, "असू दे. वजन तर मीच उचलून राहिलो ना."

परतीच्या आधीच्या शनिवारी म्युनिकची सहल ठरली. पहाटे यादवरावांनी तुर्की दुकानातून आणलेली कोथिंबीर चिरली आणि वड्या केल्या. त्या दिवशी एकही वडी फुटली नाही. सून कीर्ती स्वयंपाकघरात आली, कढईत डोकावली आणि म्हणाली, "बाबा, ह्या तर आईंच्याच दिसतात!" यादवरावांनी मला शिगोशीग भरले आणि नातीला सांगितले, "ईपू, आज दुपारी तुला आजीच्या हातची वडी. हात माझे, पण वडी तिची."

ईप्सिता नऊ वर्षांची आहे, जन्म स्टुटगार्टचा. मराठी सगळे समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. ट्रेनमध्ये आजोबांनी मला आडवे केले आणि तिचे बोट धरून बुडावरून फिरवले. "वाच."

"कित्झेल्ट," ती बोट मागे घेत हसली. तिला गुदगुल्या झाल्या होत्या.

"हा अ. आधी तीनाचा आकडा काढायचा, मग आडवी दांडी, मग उभी. हा रु. हा णा. तुझ्या आजीचं नाव."

तिने काचेवर वाफ सोडून अ काढला. उज्ज्वल समोर बसून मोबाइलवर दिवसाचा कार्यक्रम पाहत होता. त्याने वर पाहिले नाही. हे मी दोष म्हणून सांगत नाही. पुढचे समजायला ते लागते.

म्युनिक पाहण्यासारखे शहर आहे, आणि त्या दिवशी ते सारखे पळताना दिसले. अकराला मारीएनप्लाट्सवर, नव्या टाउन हॉलच्या मनोऱ्यावरच्या घड्याळातल्या बाहुल्या नाचतात. आम्ही धावत पोहोचलो. चौकात सगळ्यांच्या माना वर होत्या. बाहुल्यांमधला एक घोडेस्वार दुसऱ्याला भाल्याने पाडतो, तेव्हा ईप्सिता ओरडली. तिथून विक्टुआलिएनमार्क्टला, म्हणजे मोठ्या उघड्या बाजारात. मधाच्या बरण्या, चीजची चाके, हाताएवढे वेटोळ्याचे ब्रेत्झेल पाव. पांढरे सॉसेज दुपारची बाराची घंटा व्हायच्या आत खायचे असा तिथला रिवाज आहे.

"आपल्याकडे रात्री दही नाही खात, तसंच," यादवराव म्हणाले.

"बाबा, याची साल काढायची असते."

"तू काढून दे. मी आतापर्यंत फक्त केळ्याची काढली आहे."

त्यांनी ते गोड मोहरीबरोबर खाल्ले आणि चांगले आहे म्हणाले. मग सेंट पीटरच्या चर्चचा मनोरा. पायऱ्या अरुंद, म्हणून यादवराव खालीच थांबले, मला मांडीवर घेऊन. रस्त्यावर कोणी अकॉर्डियन वाजवत होते. दिवसभरात आम्ही दोघे निवांत बसलो ते तेवढेच. मग आइसबाखचा ओढा. पुलाखाली पाण्याची एक लाट कायम उभी असते आणि तरुण मुलेमुली फळीवर उभी राहून तिच्यावर तोल सांभाळतात. "आजोबा, शाऊ माल!" बघा ना, असे म्हणत ईप्सिता त्यांना ओढत कठड्यापाशी घेऊन गेली. एक मुलगी पडली, वाहत गेली, वर आली.

"पडली तरी हसून राहिली पोट्टी," यादवराव म्हणाले. त्यांना तिथे अजून थांबायचे होते. उज्ज्वल म्हणाला, "बाबा, पुढे चिनी मनोरा आहे. मग गाड्यांचं म्युझियम. ते लवकर बंद होतं."

चिनी मनोऱ्यापाशी मोठे बिअरगार्टन आहे. चेस्टनटच्या झाडांखाली लांब टेबले, अनोळखी माणसे शेजारी शेजारी. उज्ज्वल आणि कीर्तीने ग्लास आणले. यादवरावांनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवले आणि पट्ट्या उघडल्या. कोथिंबिरीचा वास सुटला.

"बाबा, ठेवा ते आत."

"का बरं?"

"अहो, ही तशी जागा नाही. इथे विकत घेऊन खातात. लोक बघून राहिलेत."

"बघू दे की. लागल्या तर त्यांनाही देऊ."

"बाबा, प्लीज. हे जत्रेत दशम्या सोडल्यासारखं नको. मी इथे राहतो."

"उज्ज्वल, अरे खाऊ दे ना," कीर्ती म्हणाली.

"ट्रेनमध्ये खाऊ. तू तरी समजून घे."

यादवरावांनी झाकण लावले. पट्टी लागेना, दोनदा निसटली. उज्ज्वलने मला त्यांच्या हातातून घेतले, पट्टी बसवली आणि पिशवीत घालून बाकाखाली, स्वतःच्या पायांमागे सरकवले. तो भाजलेली कोंबडी आणि बटाटे घेऊन आला. यादवरावांनी बटाटे खाल्ले. "आजोबा, वो इस्ट दी वडी?" वडी कुठे आहे, असे ईप्सिताने विचारले. "नंतर, बेटा," ते म्हणाले.

निघताना उज्ज्वलला वाटले, बाबांचा डबा बाबा घेतील, रोज तेच घेतात. बाबांना वाटले, याने हातातून घेतला आहे, तोच आणेल. दोघेही त्या वेळी एकमेकांशी बोलत नव्हते.

समोर एक म्हातारे जोडपे बसले होते. त्यांनी चौकटीचे कापड अंथरून घरचा मुळा, घरचे चीज आणि घरचा पाव मांडला होता. बाईंना बाकाखालची पिशवी दिसली. नवऱ्याला त्या म्हणाल्या, "इथे तर प्रत्येकाने आपलं खाणं आणावं अशीच रीत आहे. शेकडो वर्षांची. त्या मुलाने म्हाताऱ्याला डबा का बंद करायला लावला असेल?" नवरा म्हणाला, "विचारायचं होतंस." त्या म्हणाल्या, "भांडण चालू असताना कसं विचारणार?"

मित्रांनो, हे मला फार लागले. सगळ्या म्युनिकमध्ये जिथे आपला डबा खुशाल उघडावा, नेमकी ती जागा, आणि तिथेच मला झाकण लावले गेले. तेही त्या मुलाने, जो माझ्यातले खाऊन मोठा झाला. त्याला लाज कोणाची वाटली? शेजारी बसलेल्यांच्या पुढ्यात घरचाच पाव होता.

बाईंनी मला आपल्या टेबलावर ठेवले. बराच वेळ वाट पाहिली. एकदा झाकण उघडून वास घेतला, पण एकही वडी घेतली नाही. "दुसऱ्याचं आहे," त्या म्हणाल्या. शेवटी त्यांनी मला काउंटरवर दिले. तिथल्या मुलीने वड्या कचऱ्यात टाकल्या आणि मला स्वच्छ धुतले. एकही न फुटलेल्या त्या वड्या कोणीच चाखल्या नाहीत.

त्यानंतर मी इथे आलो. इथे वस्तू सहा महिने ठेवतात, मग लिलाव. कचेरीत फ्राऊ लिंडनर नावाच्या बाई बसतात. दोन्ही हात मोकळे ठेवायला त्या फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवतात, म्हणून मला ऐकू येते. जर्मन मला स्टुटगार्टपासूनच बऱ्यापैकी कळते.

काही आठवड्यांनी उज्ज्वलचा फोन आला. वडील परत गेले, त्यांना त्या डब्याशिवाय चैन नाही, दर रविवारी विचारतात, असे तो म्हणाला. फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "स्टीलचे डबे माझ्याकडे बरेच आहेत. ओळखीची खूण? काही लिहिलेलं, कोरलेलं?"

"नाही, नाही. साधा डबा आहे. भारतात सगळ्यांकडे असतो."

"नक्की काही नाही?"

"नक्की. काही नाही."

"मग माझ्याकडचा कुठलाही तुमचाच आहे, असं मी कसं म्हणू?"

थोडे थांबून तो म्हणाला, "ठीक आहे. आम्ही नवीन घेऊ." मी फळीवर होतो, बूड खाली, नाव खाली. एवढी वर्षे तो माझ्यात जेवला, पण मला कधी उलटा करून पाहिले नाही. डबा धुणाऱ्याला बूड दिसते. खाणाऱ्याला झाकणच दिसते.

मित्रांनो, तुमच्याही घरी असे एखादे भांडे असेल. आज जेवून झाल्यावर ते स्वतः धुवा. उलटे करून पाहा. नाव असेल तर मोठ्याने वाचा आणि ते कोणाचे, हे घरात विचारा. सांगणारे माणूस आहे तोवर विचारा. नवे भांडे बाजारात मिळते. नाव कोणी घातले, हे बाजारात मिळत नाही.

सहा महिने संपत आले, आणि काल दुपारी पुन्हा फोन आला. आवाज लहान मुलीचा होता. ती जर्मनमध्ये म्हणाली, "डब्याच्या खाली माझ्या आजीचं नाव आहे. पापांना माहीत नव्हतं."

फ्राऊ लिंडनर उठल्या. एकेक डबा उलटा करत माझ्यापर्यंत आल्या. माझ्या बुडावरून त्यांचे बोट फिरले. "इथे काहीतरी आहे. पण मला हे वाचता येत नाही."

"पहिलं अक्षर तीनासारखं आहे का? आणि पुढे दांडी?"

"हो. तीनासारखंच आहे."

फ्राऊ लिंडनर यांनी माझ्या मुठीला बांधलेल्या चिठ्ठीवरची तारीख पाहिली. मग त्या म्हणाल्या, "ओळखपत्र घेऊन कोणीतरी मोठ्या माणसाने यायला हवं. महिनाअखेरीपर्यंत. पुढे तो लिलावात जाईल."

"पापा?" ईप्सिताने विचारले. मागून उज्ज्वलचा आवाज आला, मराठीत: "आजोबांना आत्ताच काही सांगू नकोस, ईपू." पुढे तो काही बोलला की नाही, कळले नाही. फोन बंद झाला.

आज मी फळीवर नाही. फ्राऊ लिंडनर यांनी मला त्यांच्या टेबलावर उलटा ठेवला आहे, नाव वर करून. सकाळपासून दार दोनदा उघडले. एक माणूस छत्री घेऊन गेला, एक बाई किल्ल्या.

कचेरी बंद व्हायला अजून वेळ आहे.