तपासलंत का?

"अहो, मला कुठे पाठवताय?"

तो बुटाची नाडी बांधत होता. वर बघितलं, तर बायको दाराजवळच्या खुर्चीत बसलेली. अंगात बाहेर जायचा कोट, मांडीवर पर्स, आणि पर्स दोन्ही हातांनी गच्च धरलेली. सकाळचे सव्वासात वाजले होते.

"कुठेच नाही. मी कामावर चाललोय. तू घरीच आहेस."

"मग मला काढून टाकताय असं का वाटतंय?" तिने आवाज खाली आणला. "माझ्या हातून काहीतरी झालंय. देव माझ्याकडे बघतच नाही हल्ली. तुम्हाला माहितीये, पण तुम्ही सांगत नाही."

"काही झालेलं नाही तुझ्या हातून."

"मग बाळ का नेलं?"

नाडी त्याच्या हातात तशीच राहिली. चौतीस वर्षांत हा शब्द त्या घरात कोणी उच्चारला नव्हता. त्यांचा मुलगा नऊ दिवसांचा असताना गेला होता. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही.

तो लिफ्ट तपासनीस होता. शहरातल्या इमारतींच्या गच्चीवर चढायचं, यंत्राच्या खोलीत शिरायचं, दोरखंडांवरून बोट फिरवत तुटलेली तार शोधायची, ब्रेक लावून बघायचा, आणि मगच सही करायची. कचेरीत त्याला सगळे 'परत बघू' म्हणायचे, कारण सगळं ठीक निघालं तरी तो म्हणायचा, "परत बघू एकदा." स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याने कधी कशावर सही केली नव्हती. चर्चलाही तो जायचा, पण बाकाच्या टोकाला बसायचा, लवकर उठता यावं म्हणून.

तिचं तसं नव्हतं. तीस वर्षं तिने रविवारी लहान मुलांचा वर्ग घेतला. कोणाच्या घरी माणूस गेलं की लोक पाळकांच्या आधी तिला बोलावत. ती फार बोलायची नाही. शेजारी बसायची, हात हातात घ्यायची आणि म्हणायची, "देवाचं तुमच्यावर प्रेम आहे हं." दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर राग आला असता, तिचा येत नसे.

दोन वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी वर्गातल्या मुलांची नावं गेली, मग चहात साखर घातली की नाही ते, मग घरचा रस्ता. डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. तो मनात म्हणाला होता, जाऊ दे, काय जायचं ते जाऊ दे. तिचा विश्वास तरी शेवटपर्यंत राहील. तो तर तिच्या हाडीमासी भिनलेला होता.

आणि आज ती कोट घालून बसली होती.

त्याने कचेरीत फोन करून रजा सांगितली आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. तिचंच वाक्य त्याने तिला परत दिलं.

"देवाचं तुझ्यावर प्रेम आहे."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? आहेच."

"तपासलंत का?"

एरवी त्याला हसू आलं असतं. "हो," तो म्हणाला.

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "खोटं. खोटं बोललात की तुमच्या कानाची पाळी लाल होते."

सख्ख्या बहिणीचं नाव विसरली होती ती, पण हे विसरली नव्हती.

दिवसभरात तिने अकरा वेळा विचारलं. अकराही वेळा त्याने तेच सांगितलं आणि अकराही वेळा ती कानाकडे बघून रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या वहिनींना तिच्याजवळ बसवून तो चर्चमध्ये गेला. म्हातारे पाळक बादली घेऊन फरशी पुसत होते.

"पाळकसाहेब, मला एक वाक्य खोटं न बोलता म्हणता यायला हवं."

"कुठलं?"

त्याने सांगितलं. पाळक हसले नाहीत. त्यांनी फडकं बादलीत टाकलं, ओले हात पँटला पुसले आणि पुढच्या बाकावर बसले.

"तुम्हाला ते खरं वाटत नाही?"

"मला कधी वाटलंच नाही. तिला वाटायचं. मी तिच्या शेजारी बसायचो, तेवढ्यावर माझं भागायचं."

"तिला वाटायचं हे कोणी सांगितलं तुम्हाला?" पाळक म्हणाले. "बाळ गेलं त्या वर्षी ती दर गुरुवारी माझ्या बायकोकडे यायची. ह्याच बाकावर बसायच्या दोघी. मी काही कामाने आलो की कानावर पडायचं. तिचं एकच चालायचं. मला काही वाटत नाही, आत नुसता दगड झालाय. मला ताप होता तरी मी त्याला दूध पाजलं, म्हणून गेला."

"त्याचा काय संबंध? त्याच्या हृदयाला भोक होतं जन्मापासून. डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलं होतं."

"तुम्ही तिला सांगितलंत?"

त्याने सांगितलं नव्हतं. त्या वर्षी तो सकाळी घर सोडायचा आणि एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जात राहायचा. घरी तो विषय निघू नये म्हणून जेवताना रेडिओ लावायचा. तिला सगळं माहीत असणार, असं तो धरून चालला होता. चौतीस वर्षं.

त्याने विचारलं, "मग ती सावरली कशी?"

"माझी बायको तिला म्हणायची, आत बघू नकोस. आत दगडच सापडणार. तू वधस्तंभाकडे बघ. देवाने तिथे स्वतःचा मुलगा दिला, तो काही तू चांगली आहेस म्हणून नाही दिला. तू कशीही असताना दिला. ते होऊन गेलंय. तुला आज काय वाटतं आणि उद्या काय वाटतं, त्याने ते बदलायचं नाही. एवढं खरं मान आणि त्यावर बसून राहा."

"आणि मग?"

"मग काही नाही. एकदम काही झालं नाही. बसून राहिली. वर्षभराने एका गुरुवारी आली नाही. रविवारी बघतो तर मुलांना गोष्ट सांगत होती."

"मला असं न तपासता नाही जमत."

"लिफ्टमध्ये पाऊल टाकणारी माणसं काय दोरखंड तपासून टाकतात?"

"ती माझ्या सहीवर टाकतात."

"मग इथे सही कोणाची आहे ते बघा," पाळक म्हणाले, आणि बादली उचलून मागच्या दाराने निघून गेले.

तो तिथेच बसून राहिला. ओली फरशी हळूहळू वाळत होती. देवाने माझा मुलगा उचलून नेला, एवढंच तो इतकी वर्षं धरून बसला होता. देवाचाही मुलगा मेला, हे त्याने शेकडो रविवारी ऐकलं होतं. पण एका बापाने दुसऱ्या बापाकडे बघावं तसं त्या गोष्टीकडे कधी बघितलं नव्हतं. आज बघितलं. छातीत काही ऊब वगैरे आली नाही. रडूही आलं नाही. शेवटी तो त्या रिकाम्या चर्चमध्ये मोठ्याने म्हणाला, "मानतो." आवाज चिरकला. कोणाला ऐकू गेलं नसेल ना, म्हणून त्याने मागे वळून बघितलं आणि टोपी घालून घरी गेला.

ती खुर्चीत होती. अंगात कोट होता. वहिनी स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या.

तो स्टुलावर बसला. "आधी एक सांगायचंय. आपल्या बाळाच्या हृदयाला भोक होतं. जन्मापासूनच. तुझ्या तापाने नाही गेला तो, दुधाने तर नाहीच. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पळालो. माझं चुकलं."

ती ऐकत होती की नाही, कळेना. मग म्हणाली, "दूध आवडायचं त्याला."

"फार आवडायचं."

"आणि देव?"

"त्याचं तुझ्यावर प्रेम आहे."

"तपासलंत का?"

"नाही," तो म्हणाला. "मला ते तपासता येत नाही. त्याने आपल्यासाठी मुलगा दिला. त्याच्या शब्दावर मी मानलंय."

तिने पुढे वाकून त्याचा एक कान बघितला. मग हनुवटी धरून त्याचं तोंड वळवलं आणि दुसरा बघितला. "बरं," ती म्हणाली आणि कोटाची बटणं सोडायला लागली.

अर्ध्या तासाने तिने कोट परत घातला.

त्याने परत सांगितलं. पुढचे सात महिने तो सांगतच राहिला. कधी दिवसातून तीनदा, कधी तीस वेळा. नोकरी त्याने मुदतीआधीच सोडली. काही दिवस सांगताना त्याला स्वतःला ते अगदी खरं वाटायचं. काही दिवस आत नुसता दगड असायचा. त्या दिवशीही तो तेच सांगायचा. कान लाल होत नव्हता. म्हणजे ते वाटण्यावर नव्हतं, एवढं त्याच्या हळूहळू ध्यानात आलं.

मग तिला गिळता येईना आणि हॉस्पिटलात ठेवावं लागलं. सहा खाटांची खोली, मध्ये हिरवे पडदे. एक आया सकाळी चादरी बदलायला यायची. तिचा नवरा नव्हता, की होता आणि सोडून गेला होता; ती स्वतःबद्दल बोलायची नाही. पडद्यापलीकडे तिचं काम चालू असायचं आणि इकडे ह्यांचं बोलणं.

शेवटच्या आठवड्यात बायकोने त्याला ओळखणं सोडलं.

"तुम्ही पाळक का?" तिने विचारलं.

"नाही. मी लिफ्ट तपासायचो."

"मग देवाचं तुम्हाला काय माहीत?"

"मला माझ्या बायकोने शिकवलं."

"शहाणी असेल."

"होती... आहे. फार शहाणी आहे."

ती थोडा वेळ धापा टाकत राहिली. "तिला विचारा ना. मला भीती वाटते म्हणावं."

"विचारलंय मी. ती म्हणते, देवाचं तुमच्यावर प्रेम आहे." चाळीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

बुधवारी दुपारी तीन वाजता ती गेली. लोक सांगतात तशी चेहऱ्यावर शांती वगैरे त्याला दिसली नाही. तोंड अर्धवट उघडं होतं आणि कपाळावर आठी तशीच होती. जाताना तिला काही आठवत होतं का, हे कळायला मार्ग नव्हता. तिला आठवत असो नसो, तिला धरणाऱ्याने धरलेलं होतं, एवढं त्याने मानलं. त्याच्याजवळ तेवढंच होतं. त्याने आठी अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. ती गेली नाही.

दफन झाल्यावर दोन दिवसांनी तो तिचं सामान आणायला हॉस्पिटलात गेला. चष्मा, कंगवा, सपाता. आया खाटेवर धुतलेली चादर घालत होती. तिने त्याला पिशवी दिली. तो निघाला, तशी ती मागून म्हणाली, "काका."

तो थांबला.

"तुम्ही काकूंना रोज सांगायचात ना, मी ऐकायचे. पडद्याआडून." तिने चादर हातात चुरगाळली होती. "काकू चांगल्या होत्या, त्यांचं बरोबर आहे. माझ्या हातून एक फार वाईट गोष्ट झालीये. तसल्या माणसावरपण असतं का देवाचं प्रेम?"

त्याने बोलायला तोंड उघडलं, आणि इतके दिवस न आलेलं रडू आलं. दफनाच्या वेळी आलं नव्हतं, रिकाम्या घरात शिरताना आलं नव्हतं. त्याने हाताने थांब अशी खूण केली, पण ते थांबेना. आया घाबरली. "राहू दे, राहू दे काका," ती म्हणाली, "मी उगाच विचारलं," आणि चादर झटकायला लागली.

त्याने पिशवी खाली ठेवली. खाटेला वळसा घालून तो पलीकडे गेला, चादरीची त्या बाजूची दोन टोकं उचलून ताणून धरली, आणि तिच्याकडे बघत होकारार्थी मान हलवायला लागला. बराच वेळ तो नुसती मान हलवत राहिला. तिनेही आपल्या बाजूची टोकं सोडली नाहीत.