माया सगळ्यांची, तोंड धनश्रीचं

धनश्रीच्या गालावर पुटकुळ्या उठल्या आणि घरादाराला डॉक्टरकी सुचली.

खरं सांगा, हे आपल्यापैकी कुणाच्या घरात होत नाही? कुणाचं पोट दुखलं तर आपण एखादा सल्ला देऊन गप्प बसतो. पण वयात आलेल्या पोरीच्या तोंडावर काही उठलं, की ते तोंड जणू सार्वजनिक मालमत्ता होतं. येणारा-जाणारा आधी त्याचीच चौकशी करतो. "अगं बाई, तोंडाला काय झालं गं?" विचारणाऱ्याला वाटतं आपण काळजी केली. आणि ती पोरगी घरी जाऊन आरसा उलटा करून ठेवते.

धनश्रीच्या आईने, सारजाबाईंनी, तिच्या गालावर लिंबू चोळलं. शेजारच्या काकूंनी सकाळची शिळी थुंकी लावायला सांगितली. कुणी टूथपेस्ट म्हणालं, कुणी मुलतानी माती, कुणी कांद्याचा रस. वडील बंकटराव म्हणजे मेंढरांच्या मागे जन्म काढलेला माणूस, घरात बोलणं कमीच. त्यांनी काही दिवस नुसतं पाहिलं आणि एका संध्याकाळी शेळ्यांच्या भेगाळलेल्या सडांना, म्हणजे आचळांना, लावायच्या मलमाची डबी लेकीपुढे ठेवली. "शेळीला लई गुण येतो," एवढंच म्हणाले आणि वाड्याकडे मेंढरं कोंडायला निघून गेले. त्या डबीकडे बघून धनश्रीला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. बापाला रागवायचं तरी कसं?

धारूरच्या डोंगरकडेला यांची वस्ती. धनश्री बी.एस्सी. झालेली, धारूरच्या एका शिकवणीत पोरांना गणित शिकवायची. शिकवणं तिच्या अंगातच होतं. अडलेल्या पोराला ती तेच गणित वेगवेगळ्या तऱ्हेने सांगायची, कंटाळायची नाही.

या सगळ्या वैद्यांवर ताण केली ती आत्याबाईंनी. चंद्रभागाबाई ही बंकटरावांची थोरली बहीण, नांदूरघाटला दिलेली. तिला दोन्ही मुलगेच, त्यामुळे भाचीवर तिचा भारी जीव. ती एसटीतून उतरली ती पिशवीतून एक गुलाबी ट्यूब काढतच.

"ह्ये लाव रोज, सकाळ-संध्याकाळ. आमच्याकडं समद्या पोरी लावत्यात. तोंड कसं लख्ख व्हतंय बघ!"

"आत्या, यात काय असतं?" धनश्रीने विचारलं.

"गुण असतो! आनिक काय?"

आणि गंमत म्हणजे गुण आला! आठवड्याभरात पुटकुळ्या बसल्या, गाल उजळले. आत्याबाई भलत्याच खूश. त्याच भरात त्यांनी स्थळही आणलं. मुलगा हरिओम, दूध डेअरीत नोकरीला, घरची माणसं साधी. पाहण्याचा कार्यक्रम झाला, पसंती झाली, वैशाखातली तिथी ठरली. "बघितलं का, माझी ट्यूब पावली!" असं आत्याबाई साऱ्या वस्तीत सांगत फिरल्या.

पण मध्ये ट्यूब संपली, नवी मिळायला उशीर झाला आणि धनश्रीचं तोंड पेटलं. नुसत्या पुटकुळ्या नव्हेत, सगळा गाल लाल, उन्हात गेलं की आग आग. नवी ट्यूब आली, लावली, की शांत. एक दिवस चुकली, की पुन्हा भडका. धनश्री शिकवणीला स्कार्फ बांधून जायला लागली. मग एका पोराने भर वर्गात विचारलं, "म्याडम, तुम्हाला भाजलं का?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून धनश्री शिकवणीला गेलीच नाही.

आत्याबाई धावत आल्या. या वेळी त्यांच्या डोळ्यांत भीती होती.

"सारजे, पोराकडच्यांनी बघितलं तवा पोरीचं तोंड आरशावानी व्हतं. आता ह्ये बघितलं तर म्हनतील, आमाला फसिवलं! सोयरीक मी जमविली हाय. काय तोंड दाखवू मी? धने, दोन येळा न्हाई, चार येळा लाव ती ट्यूब!"

इतके दिवस गप्प असलेल्या सारजाबाईंनी तेव्हा वर पाहिलं. धनश्री भिंतीकडे तोंड करून जेवत होती. आपल्याच घरात, आपल्याच माणसांकडे पाठ करून! 

"आक्का, बास झालं," त्या म्हणाल्या. "आता कुनी काय लावायचं न्हाई. उद्या बीडला दवाखान्यात जायचं."

"दवाखान्यात? मुरमासाठी? लोक काय म्हनतील?"

"लोकांचं तोंड जळत न्हाई आक्का, माझ्या पोरीचं जळतंय."

आत्याबाईंना दवाखाना पटला नव्हता. पण घरी थांबतात कशाला! त्याही निघाल्या. वाटेत कपिलधारच्या देवस्थानात नारळ फोडून मगच दवाखान्यात जायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं आणि कुणी नाही म्हटलं नाही. सारजाबाई मागच्या शेळ्या-करडांसाठी घरी राहिल्या आणि त्यांनी बंकटरावांना पाठवलं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई, वैष्णवी त्यांचं नाव, शेजारच्याच केज तालुक्यातल्या. त्यांनी धनश्रीचा गाल उजेडात नीट पाहिला, हात लावायच्या आधी "दुखतंय का?" विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारून तिच्या तोंडाला हात लावला होता. मग त्यांनी ट्यूब हातात घेतली आणि मागची बारीक अक्षरं वाचली.

"यात स्टिरॉइड आहे. स्टिरॉइड म्हणजे विष नव्हे, डॉक्टरने सांगितलं तेवढं आणि तितकेच दिवस लावलं तर औषध आहे. पण रोजच्या क्रीमसारखं चोळलं की कातडी पातळ होते. थांबवलं की सगळं उसळून वर येतं."

"पन पयल्यांदा तर लई गुण आलता!" आत्याबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर माणूस फसतो, मावशी. त्याच्या आधी काय काय लावलं होतं?"

धनश्रीने सांगायला सुरुवात केली. लिंबू, थुंकी, टूथपेस्ट, मुलतानी माती, कांदा. बंकटरावांकडे नजर गेली तशी ती थांबली. बंकटरावच खालमानेने म्हणाले, "सडाचं मलम मी दिलतं."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरलं नाही. पण ते हसणं मायेचं होतं. त्यांनी खुर्ची बंकटरावांकडे वळवली.

"बाबा, मेंढराला नवीन औषध लावायचं असलं तर तुम्ही काय करता?"

बंकटराव खुलले. त्यांच्या आवडीचा विषय! "आधी एकाच मेंढराला लावतो. त्ये बी आतल्या मांडीला, रुपयाएवढं. चार रोज थांबतो. कातडी लाल झाली न्हाई, मेंढरू चरायला लागलं, का मग बाकीच्यायला."

"सगळ्या कळपाला एकदम का नाही लावत?"

"कावून म्हंजी? एकाची कातडी दुसऱ्यासारखी कुठं असती? एखांद्याला सोसत न्हाई. आन दोन औषधं संगं लावली तर बाधलं कशानं, त्ये कळायचं कसं?"

 एवढं बोलून बंकटरावांनी लेकीच्या लाल गालाकडे पाहिलं.  

"आक्का!" बंकटराव बहिणीकडे वळले. "मेंढराला जेवढं जपतो, तेवढं बी पोरीला जपलं न्हाई गं आपुन!"

आत्याबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी काही कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण माया होती म्हणून कातडीला कळतं थोडंच?

डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहिली. ट्यूब एकदम न सोडता ती कशी कमी करायची तेही समजावलं. मग धनश्रीकडे वळल्या. साबण नको, वासाचं काही नको. एक साधं, सौम्य फेसवॉश, दिवसातून दोनदा, चोळायचं नाही. एक हलकं मॉइश्चरायझर, छिद्रं न बुजवणारं. उन्हासाठी सनस्क्रीन. आणि रात्री लावायचं औषध, तेही तोंड शांत झाल्यावर. "नवीन काहीही आणलं तर आधी कानामागे लावून थोडे दिवस बघ. आणि एका वेळी एकच."

आत्याबाईंनी कंबरेची पिशवी सोडली. "म्याडम, ह्ये तर लई साधं वाटतंय. लगीन तोंडावर आलंय. चांगलं महागाचं लिहा की! जाहिरातीत येतंय तसलं. पैशाकडं बघू नका."

"मावशी, मी पैशाकडे बघतच नाहीये, तिच्या कातडीकडे बघतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "महागाच्या बाटलीत पुष्कळदा वास, रंग आणि जाहिरातीचा खर्च असतो. नाजूक कातडीला तो वासच बाधतो. डबीवरची किंमत नाही, मागची अक्षरं वाचायची. स्वस्त आणि साधं, पण रोज. आणि धीर धरायचा. लग्नापर्यंत आग थांबेल, पण तोंड पूर्ण निवळायला काही महिने जातील. घाई करून पुन्हा काही चोळलं, तर मात्र माझा इलाज नाही."

"म्हंजी हळदीला बी असंच?" आत्याबाईंचा चेहरा पडला. "आन त्यायला काय सांगू?"

"मी सांगते," धनश्री म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. दवाखान्याच्या पायरीवर येऊन तिने स्कार्फ सोडला आणि हरिओमला व्हिडिओ कॉल लावला. आत्याबाईंनी देवाचं नाव घेतलं.

"बघा," ती म्हणाली. "बघायला आलतात तेव्हा तोंडाला ट्यूब लावलेली होती. खरं तोंड सध्या असं आहे. बरं होईल म्हणतात, पण वेळ लागंल. उन्हात जायचं नाही, हळदसुद्धा तोंडाला लावायची नाही. चालत नसलं तर आत्ता सांगा."

हरिओमने फोन जवळ धरून नीट पाहिलं. मग हरिओम म्हणाला, "उन्हात जायचं न्हाई म्हणली का डॉक्टर? मग तुमच्या वडलांना सांगा, मांडवाला साधं कापड नको, वरून दाट पाला टाका. वैशाखातलं ऊन लई कडक असतं."

धनश्री फोन हातात धरून हसायला लागली. आत्याबाई मात्र पायरीवरच बसल्या आणि मोठ्याने रडल्या. जाणारी-येणारी माणसं बघायला लागली. या वेळी त्यांना लोकांची काही पडली नव्हती.

धनश्री पुन्हा शिकवणीला जाऊ लागली. पोरांना तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला मुरूम आलेत, औषध चालू आहे, आता वही उघडा." पोरांनी उघडली. विषय संपला.

लग्नाचा दिवस आला. मांडवावर पाला दाट होता. वऱ्हाडाच्या जानवशावरून हलगी वाजवत नवरदेवाची उष्टी हळद आली. ती नवरीला लागल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. पुढे होती हरिओमची मावशी, हातात हळदीचं ताट. गोष्ट हरिओमने घरी सांगितली होती, पण अशा गोष्टी घरातल्या मोठ्या बायका ऐकून सोडून देतात. मावशीने ओंजळभर हळद घेतली आणि सरळ नवरीच्या गालाकडे हात नेला.

तो हात मधल्या मधे धरला गेला. चंद्रभागाबाईंनी धरला होता!

"हाताला लावा, पायाला लावा, कोपरापस्तोर लावा. तोंडाला न्हाई."

हलगी थांबली. "असं कुठं असतंय का?" मावशीचा आवाज चढला. "उष्टी हळद हाय! नवरीच्या तोंडाला हळद न्हाई म्हंजी अपशकुन! कोन म्हनतंय न्हाई म्हनून?"

"डाक्टर म्हनतीय. आन तिच्या आधी माझी पोरगी म्हनतीय. मावशीबाई, ह्या तोंडाचं वाटोळं मीच केलतं, ह्याच हातानं. मी लई मायेनं केलं, तरी त्ये जळायचं ऱ्हायलं न्हाई. तुमची बी माया हाय, मला ठावं हाय. पन तोंड तिचं हाय. तिला इचारल्याबिगर तिथं आता कुनाचाच हात लागायचा न्हाई, माझा बी न्हाई!"

 सारजाबाई लेकीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात धनश्रीने आपणहून दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून. "मावशी, लावा ना. तुमच्याच हातची पाहिजे मला."

गालावर चार डाग होते, कपाळावर एक पुटकुळी होती, आणि ती मनापासून हसत होती. मावशीने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग खाली बसली आणि हळद लावायला लागली. तळहाताला, मनगटाला, कोपरापर्यंत, एकेका बोटाला. हलगी पुन्हा सुरू झाली. त्या गलबल्यात मावशी उठली आणि चंद्रभागाबाईंच्या कानाशी वाकली.

"ती डाक्टरीण बीडात कुठं बसती? माझ्या लेकीच्या, ऋतुजाच्या तोंडाचं बी तसंच झालंय. गुलाबी ट्यूब मीच आनून दिलीया."

चंद्रभागाबाईंनी तिचा हळदीचा हात घट्ट धरला. "आपुन दोघी जाऊ तिला घिऊन. पन आधी पोरीला इचारा, येती का म्हनून."

वाचकहो, आपल्या घरातही एखादी धनश्री, एखादी ऋतुजा, नाहीतर तोंड चुकवून बसणारा एखादा मुलगा असेल. त्याला तुमचा रामबाण उपाय नको आहे. दुकानातली चकचकीत बाटली नको, कुणी हातात कोंबलेली ट्यूब तर नकोच नको. योग्य माणसाचा सल्ला, साधी परवडणारी औषधं आणि धीर एवढ्यावर त्याची कातडी सुधारेल. पण मन सुधारायला आपणच लागतो! पुढच्या वेळी अशा पोरीला भेटाल तेव्हा तोंडाला काय झालं हे विचारू नका. तिला विचारा, तू कशी आहेस. आणि ती जे सांगेल ते हात मागे ठेवून ऐका.