नाक मोकळं झालं तेव्हा

दसरा उलटला की चेतनाचं नाक बंद व्हायचं, ते थेट होळीपर्यंत. रायपूरच्या आजूबाजूला धानाची कापणी सुरू झाली, राइस मिलांचा भुसा हवेत उडायला लागला, की कुणी तिच्या डोक्यात ओला बोळा कोंबल्यासारखं व्हायचं. नाकातून वाहत नसे ते घशात उतरायचं. रात्रभर पडजिभेमागे ती चिकट धार, आणि सकाळी बेसिनपाशी अर्धा तास खाकरणं. जे पडे ते पिवळट, लोंबतं, नळाच्या पाण्यालाही न हलणारं. शी! तिला स्वतःचीच किळस यायची. नवरा यशदीप रेल्वेतला, इंजिनाच्या भोंग्याला न दचकणारा माणूस. पण बायको खाकरायला लागली की चहाचा कप घेऊन गच्चीवर पळायचा.

वास येणं कधी बंद झालं ते तिला कळलंच नव्हतं. ते काही दुखत नाही, त्यामुळे लक्षात येत नाही.

यंदा त्यात सासूबाईंच्या पायाची भर पडली. कलावतीबाईंना शुगर, दिवाळीत टाचेत काहीतरी रुतलं आणि जखम चिघळली. डॉक्टरांनी सडका भाग काढून त्यांना घरी पाठवलं. रोज ड्रेसिंग करायचं आणि एक गोष्ट ध्यानात ठेवायची: जखमेला वास यायला लागला तर त्याच दिवशी घेऊन यायचं. उशीर केलात तर पाय वाचणार नाही, असं त्यांनी चेतनालाच समोर उभं करून सांगितलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी चेतना स्टुलावर बसायची, सासूची टाच मांडीवर घ्यायची, पू टिपायची. कपाळावर आठी नाही. शेजारणी दारातूनच विचारपूस करून पळायच्या आणि पुरानी बस्तीच्या मोहल्लाभर सांगत सुटायच्या, सून असावी तर अशी. चेतनाला ते गोड लागायचं. का लागू नये? पण गोडाचा माज चढतो, तो तिलाही चढला. नाकाने कांदे सोलायला वेळ लागत नाही, मग ते नाक बंद का असेना.

गेल्या रविवारी भिलाईहून नणंद आली, सत्यभामा. ड्रेसिंग चालू असताना आईजवळ बसली आणि दोन मिनिटांत तिने पदर नाकाला लावला.

"चेतना, वास येऊन राहिला गं. डॉक्टरले दाखव."

"मले तं नाही येत."

"अगं, उंदीर मेल्यावानी येऊन राहिला!"

चेतना फणकारली. "अडीच महिने मी हा पाय धुवून राहिली, भामाताई. मले नाही आला अन् तुमाले दोन मिनिटांत आला? आईच्या पायाची एवढी घाण वाटत असन तं येऊ नका इथं."

सत्यभामेचा चेहरा पडला. ती संध्याकाळच्या ऐवजी दुपारच्याच गाडीने गेली. कलावतीबाई भिंतीकडे बघत राहिल्या. आणि चेतनाला त्या रात्री शांत झोप लागली, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवायचं होतं.

तिचं नाक मात्र त्याच आठवड्यात रुळावर येत होतं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पर्समधली नाकात टाकायच्या थेंबांची बाटली बघून कपाळाला हात लावला होता. "ये दो महीने से डाल रही हो? इसी से तो और बंद हो रही है!" थेंब बंद, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने सकाळ-संध्याकाळ नाक धुणं, आणि एक स्प्रे, पंधरा दिवस न चुकता. पहिले चार दिवस चेतना तोंडाने श्वास घेत नवऱ्याला शिव्या देत होती. एका नाकपुडीतून पाणी ओतलं की दुसरीतून जेलीसारखं जे काही बाहेर यायचं, ते बघून तिला दुपारचं जेवण जात नसे.

आज शनिवारी पाणी सरळ निघालं. स्वच्छ. तिने श्वास ओढला, आणि तो पार डोक्यापर्यंत गेला. स्वयंपाकघरात आली तर वरणाला दिलेली लसणाची फोडणी. केवढा आनंद झाला तिला! मग उशीचा अभ्रा, त्याला शिळ्या थुंकीचा आंबूस वास. मग यशदीपचे मोजे. "अग्गो बाई, अशा उकिरड्यात झोपून राहिली मी?" असं म्हणत तिने सगळं मशीनमध्ये टाकलं, आणि औषधाचा डबा घेऊन सासूच्या खोलीचं दार उघडलं.

दारातच तिचं पाऊल थांबलं.

गोडसर, जड, कुजका वास. तो नाकात शिरून जिभेवर बसला. तिने पट्टी सोडली. कडेचा काळपटपणा ती औषधाचा डाग समजत होती. तो डाग नव्हता. पट्टीचा शेवटचा पदर निघाला तशी चेतना उठली. ती मोरीत धावली, दोनदा ओकली, तोंड धुवून परत आली. घाण वाटत होती, त्या पायाची, त्या खोलीची, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या आठ दिवसांच्या ताठ्याची.

यशदीपला फोन लावला. "गाडी घेऊन ये. आत्ता. आईले दवाखान्यात न्यायचं आहे."

मग ती सासूसमोर खाली बसली. म्हातारीचे डोळे सुनेच्या चेहऱ्यावरच होते.

"आई, तुमाले कधीपासून येऊन राहिला हा वास?"

"भामी यायच्या आधीपासून."

"मंग सांगितलं काहून नाही मले?"

कलावतीबाईंनी पाय हळूच आपल्याकडे ओढून घेतला, लुगड्याखाली झाकला.

"भामीनं सांगितलं तं तू तिले घालवून दिलं," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं असतं अन् मंग तुले पण यायले लागला असता, तं माहा पाय कोणं धुतला असता?"