चाकसूचा प्लॉट बर्फाच्या समुद्रात

जयपूरच्या सोडाला भागातल्या त्या सभागृहात चारशे माणसं एकदम "हाय राम!" म्हणाली. समोरच्या पडद्यावर रत्नप्रभाकाकूंचा प्लॉट दिसत होता. तो चाकसूजवळ टोंक रोडपासून आत आहे, तीस वर्षं तिथेच आहे. पण पडद्यावर तो नॉर्वेच्याही वर, उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात होता. निळ्या पाण्यात एक लाल चौकोन.

"देखा माताजी?" भूमेश्वर बाबांनी माइकवर सुस्कारा सोडला. "जमीन रूठ गई. जहाँ जमीन, वहाँ मालिक की आत्मा. दिलीपजी बर्फ में खडे हैं. नंगे पाँव."

ते शेवटचे दोन शब्द ऐकून काकूंनी माझा हात घट्ट धरला. दिलीपकाका बँकेतले अधिकारी. बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. त्या प्लॉटवर घर बांधू, बांधू म्हणत तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगी कॅनडात. मुरलीपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत काकू दुसऱ्या मजल्यावर एकट्या, आणि अकरा महिन्यांपासून मी तिसऱ्यावर एकटी. आदल्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं होतं, "देवयानी, सोबत येशील का गं? एकटीनं जायला भीती वाटते." नाही म्हणायला मला तेवढ्यात कारण सुचलं नाही, म्हणून आले.

बाबांचा उपाय सोपा होता. प्लॉटचं बक्षीसपत्र आश्रमाच्या नावे करायचं. जमीन देवाची झाली की ती जागेवर येते आणि आत्मा सुटतो. काकू सोमवारी सही करणार होत्या. त्यांच्याकडे काकांची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट उरली होती.

पुरावाही हजर होता. गोपीनाथ नावाच्या गृहस्थांनी गेल्याच आठवड्यात सही केली होती. त्यांचं शेत आधी समुद्रात दाखवलं. मग बाबा गरजले, "आँखें बंद! इक्कीस बार नाम लो!" सगळ्यांनी डोळे मिटले, जप झाला, डोळे उघडले, तर शेत आपल्या जागी, चाकसूत! टाळ्यांचा कडकडाट. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

मी डोळे मिटले नव्हते. बाबांवर भक्ती नसल्याचा तेवढा एक फायदा. जप चालू असताना लॅपटॉपवर बसलेला शिष्य कौशिक काय करतो, ते मी पाहत होते. पडद्याच्या माथ्यावर पत्त्याची लांबलचक ओळ होती. तिच्यातला फक्त एक आकडा त्यानं बदलला. १.१.० होतं, ते १.०.० केलं. देव एवढ्यावर खूश होतो, हे मला नवीनच होतं.

संगणकावरचे नकाशे हेच माझं पोटापाण्याचं काम. मी उभी राहिले. "महाराज, मला बोलायचंय," म्हटलं आणि पुढचं सगळं हिंदीत सांगितलं.

ते असं. जमिनीची जागा दोन आकड्यांनी सांगतात. उत्तरेला किती, तो अक्षांश. पूर्वेला किती, तो रेखांश. चाकसूचे आकडे साधारण सव्वीस आणि शहात्तर. नकाशे पुरवणाऱ्या संगणकाला आपण मागणी पाठवतो, की अमुक प्लॉटचा आकार दे, आणि अमुक आवृत्तीच्या पद्धतीनं लिहून दे. जुनी आवृत्ती, म्हणजे १.०.०, मागितली तर तो रेखांश आधी लिहितो, नवी, म्हणजे १.१.०, मागितली तर अक्षांश आधी. दोन्ही बरोबरच. पण कौशिकचा पडदा पहिला आकडा नेहमी रेखांशच धरतो. त्यामुळे नवी आवृत्ती मागितली की शहात्तर उत्तरेला जातात आणि सव्वीस पूर्वेला. तिथे समुद्र आहे. कुणाचीही जमीन तिथेच जाईल.

"बेटी, यह मशीन की बात नहीं, श्रद्धा की है," बाबा म्हणाले.

"मग कौशिकभैया, हा सोडाल्याचा वॉर्ड काढा ना. नव्या आवृत्तीत."

कौशिक बाबांकडे पाहत बसला. तेव्हा गोपीनाथच उठले आणि लॅपटॉपजवळ जाऊन उभे राहिले. "निकाल, भाई. मैं भी देखूँ."

आकडा बदलला. अख्खा सोडाला समुद्रात गेला.

"म्हणजे आत्ता आपण सगळेच बर्फात बसलोय," मी म्हटलं. "महाराजसुद्धा. कुणाला थंडी वाजतेय का?"

मे महिन्याची दुपार होती, कूलर बंद पडला होता. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग हसू आवरेना. गोपीनाथ मात्र हसले नाहीत. "मेरा कागज वापस करो," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

आम्ही रिक्षानं घरी परतलो. दारात काकू म्हणाल्या, "आत ये."

खोलीत पाऊल टाकलं तर भट्टी. खिडक्या बंद, पंखा बंद. काकांच्या फोटोला लोकरी मफलर गुंडाळलेला.

"ह्यांना वारा लागेल म्हणून," काकू म्हणाल्या. "बाबांनी पहिल्यांदा बर्फाचं सांगितलं, त्याला दीड महिना झाला."

मला रडू आलं. दीड महिना माझ्या पायाखालच्या खोलीत एक बाई उकडत बसली होती आणि मला पत्ता नव्हता.

"मग हे कुठे आहेत गं?"

"मला माहीत नाही काकू. पण तिथे नाहीत. तो फक्त आकडा होता."

त्यांनी मफलर सोडला आणि घडी घातली. मग हळूच म्हणाल्या, "आश्रमातून रोज फोन यायचा. 'माताजी, खाना खाया?' मतलब, खोटाच असेल. पण यायचा. आता नाही येणार."

मी पंखा लावला आणि विचारलं, "जेवलात का?"

वाचकहो, कुणी चमत्कार दाखवताना डोळे मिटायला सांगितले तर उघडे ठेवा. आधी काय होतं, नंतर काय बदललं आणि कुणी बदललं, ते विचारा. विचारायला विद्वान असावं लागत नाही. आणि तुमच्या जिन्यात कुणी एकटं राहत असेल, तर त्यांचं दार वाजवा. मला एक मजला उतरायला अकरा महिने लागले. तेवढ्यात बाबा सोडाल्याहून येऊन पोचला होता.