आपल्या हातच्या चौदा वड्या

चहाच्या वेळी लेकीनं आईपुढे कागद ठेवला, तेव्हा त्यावरच्या खुणा आधीच करून झाल्या होत्या. जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराला लागणार होतं आणि उतरून काय बघायचं ते आदल्या दिवशी कळवायचं होतं. लेकीनं तिघांसाठी चॉकलेट बनवण्याची सहल निवडली होती. स्वतःपुढे आणि नवऱ्यापुढे तिनं ‘भाग घेणार’ असं लिहिलं होतं, आईपुढे ‘फक्त बघणार, बसायला खुर्ची हवी’.

आईनं चष्मा लावून कागद वाचला आणि बशीखाली सरकवला. ती काही बोलली नाही, याचा अर्थ लेकीनं होकार असा घेतला. जन्मापासून ओळखत असूनही आईच्या न बोलण्याचे दोन प्रकार असतात, हे काही लेकीला उमगलं नव्हतं.

आईनं बत्तीस वर्षं चॉकलेटच्या कारखान्यात काढली होती. मोठा कारखाना, तीन पाळ्या. ती साच्यांच्या हॉलमध्ये होती आणि तिच्या हाताखाली सोळा बायका होत्या. अख्खा कारखाना तिला साचेवाली म्हणायचा; पगारपत्रक सोडलं तर तिचं खरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जिवाला धोका नाही, हात थरथरेल एवढंच. लेकीनं त्या ‘एवढंच’चं भलतंच प्रस्थ केलं. आधी गॅस पेटवणं बंद झालं, मग सुरी गेली, मग चहाचा कप अर्धाच भरून यायला लागला. जावई सज्जन माणूस, तो दिसेल तिथे खुर्ची पुढे करायचा. सगळं प्रेमापोटीच होतं. पण प्रेमापोटी कोपऱ्यात बसवलं तरी कोपरा तो कोपराच, हे साचेवाली दोन वर्षं मनातल्या मनात घोकत होती.

सकाळी बंदराबाहेर बस उभी होती. गाईड म्हणजे हसऱ्या चेहऱ्याचा, घाईतला माणूस, हातात छत्री उंच धरलेली. त्यानं प्रत्येकाच्या छातीवर गोल चिकटपट्टी लावली. भाग घेणाऱ्यांना हिरवी, बघणाऱ्यांना पिवळी. पिवळ्या सगळ्या मिळून तीन होत्या: एक तान्हं बाळ घेतलेली आई, एक प्लास्टरमध्ये हात असलेले गृहस्थ आणि साचेवाली.

तिनं पिवळी पट्टी सोलून काढली, पुढच्या सीटच्या पाठीला चिकटवली आणि हिरवी मागितली. गाईडनं यादी चाळली. यादीत तर पिवळीच लिहिलंय, म्हणाला.

“यादी माझ्या लेकीनं केलीय,” साचेवाली म्हणाली. “हात माझे आहेत.”

लेक शेजारून हळूच म्हणाली, “आई, अगं सांडलंस म्हणजे?”

“सांडेन. मग पुसेन.”

गाईडला बस सोडायची होती. त्यानं हिरवी पट्टी दिली.

तिथे पोचल्यावर कळलं की कारखाना असा काही नव्हताच. बंदरामागच्या गल्लीत एकापुढे एक तीन खोल्या होत्या. पहिलीत कोकोच्या बियांची पोती आणि भाजायचं पिंप. गाईडनं एकेक भाजलेली बी चावायला दिली, तशी मंडळींनी तोंडं वाकडी केली. साचेवालीनं तीन मागून घेतल्या. बत्तीस वर्षं तिच्यापुढे कोको आला तो पातळ होऊन, नळातून. बी तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितली, सालपट नखानं काढलं आणि सावकाश चघळत राहिली.

दुसऱ्या खोलीला काचेची भिंत होती. पलीकडे टोप्या घातलेली चार माणसं आणि एक लांबलचक यंत्र. साचे एका टोकानं रिकामे शिरत आणि दुसऱ्या टोकानं वड्या होऊन बाहेर पडत. बाकीचे पुढे गेले तरी ती तिथेच. शेवटी गाईड परत येऊन तिला घेऊन गेला.

तिसऱ्या खोलीत मात्र खरी गंमत होती. टेबलांवर संगमरवरी फरशा, रुंद पात्याचे कालथे, वितळलेल्या चॉकलेटची भांडी आणि प्रत्येकापुढे चौदा खळग्यांचा साचा. शिकवायला एक कारागीर बाई होत्या, पन्नाशीच्या, भरल्या अंगाच्या. दिवसात चार-चार जथ्यांना तेच ते सांगून त्यांचा आवाज सपाट झाला होता. चॉकलेट फरशीवर ओता, पसरा, गोळा करा, पुन्हा पसरा. थंड झालं की भांड्यातल्या गरम चॉकलेटमध्ये मिसळा आणि साच्यात भरा. असं का करायचं ते त्यांनी सांगितलं नाही, कारण कुणी विचारत नसे. साचेवालीच्या हॉलमध्ये याला चॉकलेट वळणावर आणणं म्हणत. वळणावर आलं तर वडी चमकते, कटकन तुटते. नाही आलं तर ती मऊ राहते, पांढरट पडते आणि साचा सोडायला तयार होत नाही.

तिच्यासाठी खुर्ची आली. ती बसली नाही.

भांडं उचलताच हात थरथरला. थोडं चॉकलेट फरशीवर पडलं, थोडं एप्रनवर आणि बऱ्यापैकी जावयाच्या बुटावर. आजूबाजूच्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. लेकीनं कालथा घ्यायला हात पुढे केला.

“हात मागे घे,” साचेवाली म्हणाली. आवाज चढला नव्हता. सोळा बायकांच्या हॉलमध्ये तो कधी चढवावा लागला नव्हता. लेकीनं सहा वर्षांच्या पोरीसारखा हात मागे घेतला.

साचेवालीनं उजव्या हातावर डावा ठेवला आणि दोन्ही हातांचा भार कालथ्यावर टाकला. थरथर काही थांबली नाही, पण त्या भाराखाली कालथा सरळ चालला. पसरायचं, ओढायचं, गोळा करायचं. शेजारच्या टेबलावरचे, जहाजावर ओळख झालेले टक्कल पडलेले शिंपीकाका आणि त्यांची बायको थर्मामीटरवरचा आकडा एकमेकांना वाचून दाखवत होते. साचेवालीनं थर्मामीटरला हात लावला नाही. बोटाच्या टोकानं थेंब उचलून खालच्या ओठाला लावला, आणखी चार वेळा कालथा फिरवला, पुन्हा ओठाला लावला आणि मग भांड्यात मिसळलं. साचा भरताना निम्मं बाहेर सांडलं. ते तिनं पात्यानं एका ओढीत खरवडून काढलं. मग उरलं बुडबुडे काढणं. त्यासाठी साचा धरून नुसता हलवायचा असतो. ते काम तिच्या उजव्या हातानं कुणी न सांगता चोख केलं.

तिलाच हसू आलं. जावईही हसला. लेक बुटावरचा डाग पुसत होती.

साचे ढकलगाडीवरून थंड खोलीत गेले आणि मंडळींना पाव तास शेजारच्या दुकानात सोडलं. तेवढ्या वेळानं गाईड सोनेरी फितीचे डबे घेऊन आला. प्रत्येकावर नाव घातलेलं होतं. लोक खूश होऊन फोटो काढायला लागले. साचेवालीनं फीत सोडली, एक वडी उचलली, उलटी केली, पुन्हा ठेवली.

“या माझ्या नाहीत.”

गाईड हसून म्हणाला, तुमच्याच आहेत की, छान जमल्यात.

“हातानं खरवडलेल्या वडीच्या पाठीवर पात्याची रेघ राहते. ही गुळगुळीत आहे. ही त्या काचेपलीकडच्या यंत्रातली आहे.”

गाईडनं तिला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून समजूत घातली. पहिल्यांदा करणाऱ्याचं कधीच नीट जमत नाही. मऊ, चिकट वड्या घेऊन लोक हिरमुसले होऊन जातात, म्हणून सगळ्यांना चांगल्याच द्यायच्या असं ठरलंय. साच्यातलं चॉकलेट पुन्हा वितळवून पुढच्या जथ्याला जातं. यात कुणाचं नुकसान नाही. तो काही लबाड माणूस नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

“मला विचारलं होतंत?” साचेवाली म्हणाली.

लेक जवळ आली. बस दहा मिनिटांत सुटणार, चॉकलेट ते चॉकलेट, उगाच कशाला ताणायचं, असं तिचं म्हणणं. साचेवालीनं तिच्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांत लाखो वड्या या हातांखालून गेल्या होत्या. सगळ्यांवर कारखान्याचा छाप. यातली ही माझी, असं म्हणावं अशी एक वडी तिच्या वाट्याला आली नव्हती. हे लेकीला समजावून सांगायचं तर दिवस पुरला नसता.

“बस जाऊ दे,” ती म्हणाली. “जहाज पाचला आहे, आत्ता पावणेतीन होतायत. बंदर इथून पायी वीस मिनिटं आहे, येताना बघितलंय मी. मी माझ्या वड्या घेऊन येते.”

हे शिंपीकाकांनी ऐकलं. त्यांनी स्वतःची वडी उलटी करून बघितली, बायकोला दाखवली आणि गाईडला विचारलं की मग आमच्या कुठायत. मग तान्ह्या बाळाच्या आईनं विचारलं, तिच्या नवऱ्यानं केलेल्या कुठायत म्हणून. गाईडच्या चेहऱ्यावरचं हसू अवघडून बसलं.

गलका ऐकून कारागीर बाई हात पुसत आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आत गेल्या आणि ढकलगाडीच बाहेर घेऊन आल्या. बऱ्याच साच्यांत पांढरे ओघळ आले होते. काही वड्यांवर बोट टेकलं तर ठसा उमटत होता. साचेवालीनं आपला साचा उचलून उलटा केला आणि टेबलावर एकदा आपटला. तेरा वड्या खळकन पडल्या. दुसऱ्या टोल्याला चौदावी. कडा वेड्यावाकड्या, दोघींना शेपट्या, एक तर अर्धीच भरलेली. पण चमक अशी की खिडकीची चौकट त्यात दिसावी.

कारागीर बाईंनी एक उचलून तिरपी धरली. “कुठे केलंत काम?”

“साच्यांच्या हॉलमध्ये. बत्तीस वर्षं.”

बाईंनी मान हलवली. मग गाईडकडे वळून त्या सपाट आवाज सोडून बोलल्या. “ज्यांना आपापल्या हव्यात त्यांना द्या. आणि उद्यापासून विचारल्याशिवाय मी साचे वितळवणार नाही. वर कळवा हवं तर.”

नऊ जणांनी सोनेरी डबे परत केले. बाकीच्यांनी फीतवालेच ठेवले. शिंपीकाकांच्या वड्या साच्यातून निघता निघेनात, तेव्हा त्यांनी त्या चमच्यानं खरवडून कागदात बांधून घेतल्या. बस वीस मिनिटं उशिरा सुटली आणि लेक वाटभर खिडकीबाहेर बघत राहिली.

जहाजाच्या शिडीपाशी सामान तपासत होते. पहारेकऱ्यानं फीतवाले डबे जाऊ दिले, पण साचेवालीची कागदी पुडी बाजूला ठेवली. बाहेरचे खाण्याचे पदार्थ कंपनीच्या बंद पाकिटात असतील तरच आत न्यायचे, म्हणाला. तिनं नियम कुठे लिहिलाय ते विचारलं. त्यानं पाटी दाखवली. तिनं चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. नियम खरंच होता.

लेकीनं सुटकेचा श्वास टाकला आणि शेजारच्या कचऱ्याच्या पिंपाकडे बोट केलं. टाक त्यात आणि चल, म्हणाली.

साचेवालीला कारखान्याचं फाटक आठवलं. पाळी सुटली की बायका ओळीनं पिशव्या उघडून दाखवत, पदर झटकत. एकदा तिच्या एप्रनच्या खिशात तुटका तुकडा सापडला होता, चुकून राहिलेला. तो तिनं निमूटपणे टोपलीत टाकला होता आणि वर माफीही मागितली होती.

“आत न्यायला बंदी आहे,” ती पहारेकऱ्याला म्हणाली. “इथे खायला तर नाही ना?”

त्यानं पाटीकडे बघितलं, विचार केला. नाही, म्हणाला.

ती रांगेतून बाहेर आली, धक्क्यावरच्या बाकावर बसली आणि पुडी उघडली. पहिली वडी जावयानं घेतली. त्यानं दातानं तोडली तशी कटकन आवाज झाला, बाकापलीकडे ऐकू जावा असा. मग शिंपीकाका आले, त्यांची बायको आली, आपल्या चिकट पुड्या उघडून आणखी सहा जण आले, फीतवाल्या डब्यांचे दोघे आले. रांग वाकडी झाली. साचेवाली एकेकाला वडी देत होती, हात थरथरत होता, आणि लोक आपला हात पुढे धरून वडी स्थिर होईपर्यंत थांबत होते. कुणी अवघडलं नाही. पहारेकऱ्यालाही तिनं विचारलं. मी ड्यूटीवर आहे, तो म्हणाला. तरी वडी त्यानं घेतली आणि सगळ्यांसमोर खिशात ठेवली.

लेक हाताची घडी घालून उभी होती. पुडीत दोन उरल्या, तेव्हा ती बाकापाशी आली.

“दे एक.”

“घे ना तुझ्या हातानं.”

लेकीनं शेपटीवाली उचलली आणि खाल्ली. मग म्हणाली, “ओठाला लावून काय बघत होतीस मघाशी?”

“गार लागलं की वळणावर आलं. गरम लागलं तर अजून फिरवायचं.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलं नाहीस. मी पण कधी बोलले नाही, ते माझं चुकलंच.”

शेवटची, अर्धी भरलेली वडी साचेवालीनं स्वतः खाल्ली, अजिबात घाई न करता. मग कागद पिंपात टाकला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. लेकीचा हात सवयीनं तिच्या कोपराकडे गेला, वाटेत थांबला आणि परत आला. शिडीपाशी आल्यावर लेक एक पाऊल मागे राहिली.

पहारेकऱ्यानं पुन्हा विचारलं, आणखी काही आहे का न्यायचं?

“आहे की,” साचेवाली म्हणाली, “पण ते पोटात आहे.” आणि कठडा धरून वर चढायला लागली.